केसरचं कलम नुसतंच उंच गेलंय, शेंडा मारू की नको?

परसबाग_बार्शी
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. घरामागे परसात दोन वर्षांपूर्वी केसर आंब्याचं कलम लावलं. जगलं छान, पण आता नुसतं वरवरच चाललंय, 8-9 फूट सहज असेल आणि खोड बघाल तर जेमतेम अंगठ्याएवढं. खालपासून वरपर्यंत एक फांदी नाही, सगळी पानं शेंड्याला गोळा झालीत. बांबूला बांधलंय म्हणून उभंय, वारं सुटलं की वरचा भाग इतका हलतो की बघवत नाही.

जागेचं सांगते, एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचं दुमजली घर आणि चार हातांवर आमचाच शेवगा, त्यामुळे ऊन मिळतं ते फक्त दुपारचं. गेल्या फेब्रुवारीत शेंड्याला थोडा मोहोर आला होता, वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या आणि गळून गेल्या.

नर्सरीवाले म्हणतात कंबरेएवढं ठेवून वरचं सगळं तोडा. सासरे म्हणतात आंब्याला कोयता लावायचा नाही, वाढतंय तर वाढू दे, आमच्या लहानपणी कोण छाटत होतं. शेजारच्या काकू म्हणतात एकदा फळ येऊ दे मग बघ. मला तर कंबरेएवढं तोडायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो कारण तिथपर्यंत एकही पान नाही, नुसतं खोड उरणार. तोडायचं का, तोडलं तर नेमकं कुठून, आणि आत्ता पावसाळ्यात चालेल का?

केसरवाला_औसा
ताई, तोडायचंच आहे पण आज नको, आधी दोन गोष्टी बघून सांगा.

पहिलं म्हणजे सांधा. जमिनीपासून वीतभर किंवा थोडं वर खोडावर जिथं कलम बांधलं होतं तिथं गाठ किंवा तिरकी खूण दिसेल. हे जे उंच गेलंय ते त्या खुणेच्या वरून निघालंय की खालून, हे नीट बसून बघा. खालून निघालेलं असेल तर तो केसर नाहीच, रायवळ (कोयीवरचा गावठी आंबा) आहे, कलम मरून खालचा खुंट फुटलेला असतो आणि लोक वर्षानुवर्षं त्यालाच पाणी घालत बसतात. तुमच्या कैऱ्या दोन वर्षांत दिसल्या म्हणजे बहुतेक कलमच असणार, कोयीचं झाड एवढ्या लवकर मोहरत नाही, तरी बघा.

दुसरं, त्या सांध्यावर बांधलेली प्लास्टिकची पट्टी काढली होती का?

जुगाडू_भाऊ
कशाला झाड तोडायचं, कल्टार (वाढ रोखणारं औषध) घाला की खोडापाशी. उंची जागच्या जागी थांबते आणि मोहोर पण भरपूर. आमच्याकडं सगळे बागवाले घालतात.

केसरवाला_औसा
@जुगाडू_भाऊ बागवाले घालतात ते चांगल्या विस्ताराच्या, फळावर आलेल्या मोठ्या झाडाला घालतात, ते पण घेराच्या हिशेबानं. दोन वर्षांच्या पोराला घातलं तर ते जिथल्या तिथं आखडून बसेल, शेंड्याला गुच्छ होईल आणि फांद्या काही येणार नाहीत. झाडाचा सांगाडाच तयार नाही तर मोहोर घेऊन करायचंय काय. ताई, असलं काही घालू नका.

परसबाग_बार्शी
आत्ताच जाऊन बघून आले. सांधा जमिनीपासून एक फूटभर वर आहे आणि झाड त्याच्या वरूनच निघालंय, म्हणजे केसरच. पण दादा, पट्टी तशीच आहे हो! मला वाटलं ती आपोआप कुजून पडत असेल. पार सालीत रुतलीय, वरची कड दिसतच नाही, पट्टीच्या वर खोड जरा फुगीर झालंय आणि पट्टीपाशी एकदम बारीक.

केसरवाला_औसा
हेच विचारायचं होतं. ही पट्टी प्लास्टिकची असते, ती कुजत नाही. नर्सरीतून आणल्यावर सांधा पक्का जुळलाय एवढं बघून ती काढायची असते, पण रोप देताना कुणी सांगत नाही. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळाकडं जातं, तिथंच फास बसला की वर फुगतं, मुळं अर्धपोटी राहतात आणि झाड नेमकं तिथंच मोडतं.

ओढून काढू नका, साल सोलून येईल. नवीन ब्लेड घ्या, खोडाच्या एकाच बाजूनं पट्टीवर वरून खाली उभी चीर द्या, हलक्या हातानं. पट्टी सुटली की सुटेल तेवढीच काढा, रुतलेला तुकडा राहिला तरी चालतो, ताण गेला की झालं. आणि शेंडा मारायचं काम त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दोन्ही जखमा एकाच दिवशी नकोत.

देवगडचो_कलमवालो
आमच्याकडे पावसात आंब्याला कोयती लावत नाहीत. पाऊस सरला, दसऱ्याच्या आसपास ऊन पडायला लागलं की मग. पावसात कापलं तर कापल्या जागी पाणी मुरतं, करपा येतो आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. हापूसच्या कोवळ्या कलमाचं तर बोलायलाच नको. माझा सल्ला ऐका, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

बाकी सासऱ्यांना सांगा की जुनी झाडं छाटत नव्हते हे खरं, पण तेव्हा 40 फूट झाडावर चढून घळाने (काठीला बांधलेल्या जाळीने) आंबे उतरवणारी माणसं पण होती. आज एक माणूस मिळवून दाखवा.

मृदकाष्ठ
देवगडकरांचं म्हणणं त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे, पण काका, तुमच्याकडे 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बार्शीला 500-600. तिथे जुलैमध्ये आठवडाभर उघडीप मिळणं काही नवलाचं नाही. त्या उघडिपीत कापून लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली तर कोरड्या भागात काही बिघडत नाही, उलट हवेत ओल असते आणि जमिनीत पण, त्यामुळे फुटवा जोरात येतो. फळ देणाऱ्या झाडाच्या छाटणीचा महिना मोहोराच्या हिशेबाने ठरतो, लहान झाडाला तो हिशेबच नाही. त्याच्यासाठी बघायचं एवढंच की शेंड्याची पालवी जून झालीय का. तांबूस लोंबती पालवी असेल तर थांबायचं, पानं गर्द हिरवी, कडक, हातात घेऊन चुरली की करकरणारी झाली की कापायचं. कोवळ्या पालवीवर असताना झाडाने सगळा साठा वर खर्च केलेला असतो, तेव्हा कापलं तर खालून फुटायला अंगात काही उरत नाही.

आता असं का झालं तर शेंड्यातला डोळा (कोंब) खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, हा आंब्याचा स्वभावच आहे. त्यात सावली आणि भिंतीची अडचण, म्हणून झाड उजेडाकडे पळालं. त्यात बांबूला वरपासून खालपर्यंत आवळून बांधलेलं असणार. खोड वाऱ्याने थोडं हललं की जाड होतं, हलूच दिलं नाही तर ते कशाला जाड होईल? युरिया घालत असाल तर तोही बंद करा.

कुठून कापायचं ते सांगतो, हा भाग जरा नीट वाचा. खोडाकडे जवळून बघा, थोड्या थोड्या अंतरावर एक कडं असल्यासारखं दिसेल, तिथे पानं गळाल्याच्या खुणा एकमेकींना खेटून असतात आणि प्रत्येक खुणेच्या वर टाचणीच्या टोकाएवढा डोळा. दर पालवीला झाड जिथे थांबलं तिथे असं एक कडं तयार होतं. दोन कड्यांच्या मधल्या भागात खुणा विरळ असतात. तुम्ही कड्याच्या जरा वर कापलंत तर त्या एकाच जागेवरून सात-आठ फुटवे झुपक्याने येतात, सगळे एकमेकांच्या काखेत, आणि पुढे फळांचं वजन आलं की त्यातली एक फांदी सालीसकट फाटून खाली येते. म्हणून कड्याच्या खाली, विरळ खुणांच्या भागात कापायचं. मग दोन-चारच फुटवे येतात पण वेगवेगळ्या उंचीवर, आणि आपल्याला तेच हवंय.

उंची म्हणाल तर शिफारस 60 ते 75 सेंटिमीटरची असते. परसातल्या झाडाखाली उठबस करायची म्हणून मी 3 फुटांपर्यंत मान्य करेन, त्याच्या वर नाही. पान नसलं तरी घाबरू नका, पानाची खूण आहे तिथे डोळा आहेच, तो झोपलाय फक्त. अट एकच, मुळं धडधाकट हवीत. म्हणून आधी पट्टी काढा, बुडाशी घमेलंभर कुजलेलं शेणखत द्या, मग कापा.

गच्चीवरचा_माळी
वाचतोय, मस्त चर्चा. एक शंका, एकदम 9 फुटांवरून 3 फुटांवर आणण्याऐवजी आधी 6 फुटांवर कापलं आणि पुढच्या वर्षी 3 वर, असं दोन टप्प्यात केलं तर? झाडाला धक्का कमी बसेल. किंवा मग न कापता शेंडा वाकवून दोरीने खाली बांधायचा, मी ड्रममधल्या अंजिराला करतो तसं.

मृदकाष्ठ
6 फुटांवर कापलं तर फांद्या 6 फुटांवरच येणार, त्याही त्याच बारीक खोडावर, म्हणजे छत्री वर आणि दांडा खाली लेचापेचा. मग वर्षभर त्या फांद्या वाढवायच्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासकट कापायचं, यात झाडाचं वर्ष फुकट जातं. खोड अगदीच अशक्त असतं, पानं पिवळी असती तर मी दोन टप्पे म्हटलं असतं. इथे तसं वाटत नाही.

वाकवणं चालतं, पण आंब्याचं खोड खाली कडक झालेलं असतं आणि इथे सांधा आधीच पट्टीने कमजोर झालाय, वाकवताना तिथेच कडकन मोडायचं. पेरू-अंजिराला करा खुशाल.

परसबाग_बार्शी
बाप रे, इतकं डिटेल कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. कडं असतं ते खरंच दिसलं! आजपर्यंत रोज पाणी घालत होते पण कधी लक्षच गेलं नव्हतं. एक कडं साधारण अडीच फुटांवर आहे आणि पुढचं साडेतीनच्या जवळपास, म्हणजे त्या दोघांच्या मध्ये 3 फुटांवर कापू ना? पालवी जून आहे, पानं गर्द हिरवी. पट्टी आज सकाळी काढली, निम्मी सुटली.

आणि बोर्डो पेस्ट एका झाडासाठी कशी करायची, दुकानात किलोचे पुडे देतात.

केसरवाला_औसा
बरोबर, मधोमध. सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) कापा, अंगठ्याएवढ्या खोडाला कोयता नको, कोयत्यानं खोड चिंबतं. सिकेटर नसेल तर बारीक दातांची करवत चालेल, पात्याला आधी स्पिरिट चोळा. काप थोडा तिरका म्हणजे पाणी थांबत नाही. कापल्यावर चीक उडतो तो डोळ्यात-तोंडावर जाऊ देऊ नका, आंब्याच्या चिकानं कातडी भाजते, कुणाकुणाला तर चांगले फोड येतात.

पेस्टचं माप 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. तुम्हाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर सुद्धा जास्तच होईल. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात कळीचा चुना विझवून गार करून, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची बादली अजिबात नको. झाल्यावर लोखंडी खिळा नाहीतर विळ्याचं टोक त्यात मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी थोडा घाला. केली त्याच दिवशी वापरायची, उरली तर शेवग्याच्या बुंध्याला फासून टाका.

आणि हो, इतके दिवस खोडावर सावली होती, आता वरची पानं गेली की दुपारचं ऊन थेट सालीवर येणार. त्यामुळं खाली उरलेल्या 3 फूट खोडाला पण पेस्टचाच हात द्या, साल भाजत नाही. शेवग्याचा पण शेंडा मारा याच वेळी, शेंगा हाताशी येतील आणि आंब्याला ऊन मिळेल.

देवगडचो_कलमवालो
ठीक आहे, तुमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत. पण नवीन पालवी आली की रोज सकाळी झाडाखाली बघत जा. कोवळी पानं कात्रीने सरळ रेषेत कापल्यासारखी जमिनीवर पडलेली दिसली तर तो पालवी कातरणारा सोंडा आहे. बारीक भुंगा असतो, पानात अंडी घालतो आणि देठाजवळ पान कातरून खाली सोडतो. ती पडलेली पानं गोळा करून जाळायची, तशीच ठेवली तर अळ्या मातीत उतरतात आणि पुढच्या पालवीला पुन्हा हजर. आणि एखादा कोवळा शेंडा मध्येच मान टाकून सुकला तर त्यात अळी शिरलीय, तेवढा शेंडा चिरून बघा, आत भुसा दिसेल. तोही कापून नष्ट करायचा. एका झाडाला 5 टक्के निंबोळी अर्क पुरे, भारी औषधं आणायला जाऊ नका.

मृदकाष्ठ
+1 काका, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

फुटवे साधारण महिन्याभरात दिसतील, कमी-जास्त होतं, उकरून-खरवडून बघत बसू नका. बोटभर झाले की निवड करायची. तीन ठेवा, फार तर चार, वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले आणि एकमेकांपासून वीतभर वर-खाली. बाकीचे नखाने खुडून टाका, ते मोठे होईपर्यंत जीव लावून बसलात तर नंतर कात्री लावावी लागते. भिंतीकडे तोंड असलेला नको. सांध्याच्या खालून काही फुटलं तर ते दिसल्या दिसल्या काढायचं, ते रायवळ. एखादी फांदी खोडाला चिकटून सरळ वरच निघाली तर ती कोवळी असतानाच मध्ये बांबूची चिवाटी अडकवून बाहेर ढकला.

या फांद्यांना दोन पालव्या येऊन जून झाल्या की त्यांचा पण शेंडा मारायचा, दीड-दोन फुटांवर, पुन्हा कड्याच्या खाली. असं तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत. तोवर येणारा मोहोर खुडायचा, मोहोराच्या बाबतीत शेजारच्या काकूंचं ऐकायचं नाही. आज एका लेचापेच्या शेंड्यावर चार आंबे घेण्यापेक्षा तीसेक टोकं तयार करा, आंबा जून झालेल्या काडीच्या टोकाला मोहरतो, जितकी टोकं तितका मोहोर. 12 बाय 6 फुटांवर, म्हणजे एकरी 600 झाडं लावतात ती सगळी याच पद्धतीने बुटकी ठेवलेली असतात, जमिनीवर उभं राहून तोडणी होते.

बांबू काढू नका, पण सुतळी एकाच जागी आणि सैल आठ आकड्याची बांधा.

लातूरचा_नवखा
मध्येच घुसतो, माफ करा. वर रायवळचं वाचून माझ्या झाडाखाली जाऊन बसलो. माझं तेच झालंय. सांध्याच्या वर करंगळीएवढा वाळलेला खुंट आहे आणि बाजूनं खालून निघालेलं आता 6 फूट झालंय, मी तीन वर्षं केसर म्हणून सांभाळतोय. आता उपटून टाकू का? आणि माझ्याकडं पेरू पण आहे तसाच उंच गेलेला, त्याला पण हाच हिशेब का?

केसरवाला_औसा
उपटू नका! तीन वर्षांच्या मुळ्या आहेत, फुकटचा खुंट मिळाला तुम्हाला. त्यावर कलम करून घ्या. पावसाळ्याची दमट हवा आहे तोवर व्हिनियर कलम बसतं, खुंटाच्या कडेला साल-लाकडाचा काप घेऊन काडी बसवायची, वरचं झाड लगेच तोडायचं नाही. काडी जगून फुटली की मग वरचं टप्प्याटप्प्यानं काढायचं, नाही जगली तर झाड आहे तसं आहेच, पुन्हा करता येतं. गावात कलम बांधणारा माणूस मिळतो का बघा, हात बसलेला पाहिजे.

पेरूचं वेगळं. पेरू नवीन फुटीवर फुलतो, त्यामुळं तो कापला की उलट लवकर फळ येतं, तिथं एवढा विचार करायचा नाही. 2 फुटांवर मारा आणि विसरा.

परसबाग_बार्शी
एक बावळट प्रश्न. वरचा जो 6 फूट भाग कापून निघणार तो मातीत खोचला तर जगेल का? टाकून द्यायला जीवावर येतंय.

मृदकाष्ठ
बावळट नाही, सगळे विचारतात. आंब्याची काडी नुसती खोचून मुळं धरत नाही म्हटलं तरी चालेल, नाहीतर कलमं बांधायची गरजच काय होती. पण शेंड्याची वीतभर काडी कलमाला उत्तम. कापायच्या आठ-दहा दिवस आधी शेंड्याकडच्या वीतभर भागाची पानं कात्रीने छाटून ठेवा, देठ तसेच राहू द्या. देठ आपोआप गळतात आणि टोकाचा डोळा फुगतो. फुगला पण फुटला नाही, अशा अवस्थेत काडी घ्यायची. पट्टीची जखम भरायला तेवढेच दिवस द्यायचे आहेत, म्हणजे दोन्ही एकदमच जमतं. आणि वर लातूरला एक गिऱ्हाईक बसलंच आहे की.

लातूरचा_नवखा
ताई, देणार का काडी? बार्शी काही लांब नाही.

परसबाग_बार्शी
खुशाल घ्या. आज संध्याकाळीच वरची पानं छाटते, स्टूल लागेल. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले कापायचंय तर अमावास्येला नको, एवढंच. काडी पाठवायची कशी, एसटीत ठेवून दिली तर वाळणार नाही ना?

केसरवाला_औसा
ओल्या फडक्यात गुंडाळा, पिळून घेतलेलं फडकं, पाणी ठिबकणारं नको, वरून प्लास्टिकची पिशवी. सावलीत ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते, पण जितक्या लवकर बांधाल तितकी जगण्याची खात्री जास्त. कापल्या कापल्या खालचं टोक कुठलं त्याला दोरा बांधून ठेवा.

लातूरचा_नवखा
एसटीत नको, मी स्वतःच येतो, कलम बांधणाऱ्याला पण विचारून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात पाऊस उघडला की कळवा, आणि येताना तुमच्यासाठी मोरचूद मी आणतो, इथं सुटं मिळतं.

परसबाग_बार्शी
चालेल, पण मग चुना पण तिकडूनच आणा. इथल्या दुकानात आत्ता विचारलं तर त्यानं पानाला लावायची डबी पुढं केली.